भांडी मी घासतो, पण साबण संपलाय हे कोणी बघायचं?

तुरटी

मंडळी, नवरा-बायकोच्या घरकामावर इथे अधूनमधून धागा निघतोच. पन्नासाव्या प्रतिसादापर्यंत "आमच्या आईने कधी तक्रार केली नाही" विरुद्ध "आमचे हे तर सगळं करतात" असा सामना रंगतो आणि मग कोणीतरी पाककृती टाकतं. तो सामना पुन्हा खेळायचा नाहीये. मला विचारायचंय ते असं: कामं वाटून घेतल्याने संसार सुखाचा होतो का, आणि होत असेल तर नेमकं काय वाटल्याने?

आधी थोडे आकडे, म्हणजे "आमच्या ओळखीत तर" असं सुरू व्हायला नको. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या बायका-मुलींपैकी ८१.२ टक्के जणी घरातलं बिनपगारी काम करत होत्या, दिवसाला सरासरी २९९ मिनिटं. पुरुषांपैकी करणारे २६.१ टक्के, त्यांची सरासरी ९७ मिनिटं. लक्षात घ्या, ही ९७ मिनिटं फक्त करणाऱ्यांची. त्या दिवशी इकडची काडी तिकडे न केलेले जवळपास तीन चतुर्थांश पुरुष या सरासरीत नाहीतच. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे बायकांची दहा मिनिटं सुटली खरी, पण ती पुरुषांनी उचललेली दिसत नाहीत, कारण त्यांचीही नऊ कमी झालीत! बहुधा मिक्सर, वॉशिंग मशीन आणि पोळीभाजी केंद्राची कृपा.

आता सुखाकडे. २०१२ मध्ये नॉर्वेतल्या नोव्हा या संशोधन संस्थेचा एक अहवाल जगभर गाजला. घरकाम बरोबरीनं वाटून घेणाऱ्या जोडप्यांत घटस्फोटाचं प्रमाण सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघालं होतं. आपल्याकडेही तो व्हॉट्सॲपवर "बघा, आजी सांगत होती" अशा थाटात फिरला. पण संशोधकांनी स्वतः सांगितलं होतं की भांडी घासल्याने लग्न मोडत नाही. काम वाटून घेणारी जोडपी विचारांनी आधुनिक असतात, बायकोचे स्वतःचे पैसे असतात आणि पटत नसेल तर ती वेगळी होऊ शकते. जिला जायला जागाच नाही तिचं लग्न टिकलं, म्हणून ती सुखात आहे असं कसं म्हणायचं?

उलट बाजूला अमेरिकेतल्या डॅनियल कार्लसन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडलं की सगळी कामं सारखी नसतात. बायकांच्या समाधानाशी सगळ्यात जास्त संबंध कशाचा निघाला? भांड्यांचा! जिथे भांडी बहुतेक बायकोच घासते तिथे भांडणं जास्त. का ते सांगायला संशोधक कशाला हवा, दुसऱ्याच्या ताटातलं खरकटं एकटीने काढून बघा.

मला मात्र सगळ्यात पटलं ते समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांचं २०१९ मधलं काम. ३५ जोडप्यांशी बोलून त्यांनी घरातल्या डोक्याच्या कामाच्या चार पायऱ्या काढल्या: काय लागणार हे आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. ठरवण्याच्या पायरीवर नवरा-बायको बऱ्यापैकी बरोबर दिसतात. ओळखणं आणि लक्ष ठेवणं मात्र बहुतेक बायकोकडेच. माझं म्हणणं एवढंच की आपण हाताचं काम वाटतो, डोक्याचं वाटत नाही, आणि धुसफूस तिथूनच सुरू होते. तुमच्या घरी काय चित्र आहे?

घाटावरचा

धागा वाचला. संध्याकाळची भांडी, कचरा, वाणसामान, मुलाला क्लासला सोडणं हे सगळं मी करतो. तरी दिवसाअखेर "तुला सांगावं लागतं" हे ऐकतोच. बरं, न सांगता केलं तर? कुकरची भांडी मी लावली की ती पुन्हा काढून लावते. टॉवेलची घडी तीनपदरी का चारपदरी यावर आमच्याकडे एकमत नाही. माझ्या पोळ्यांना नकाशा म्हणून झालं, श्रीलंका म्हणून झालं. मग माणूस एक दिवस म्हणतो, बाई गं, तूच कर.

डॅमिंजरबाईंची ती चौथी पायरी आहे ना, लक्ष ठेवण्याची? ती काही घरांत बायका सोडतच नाहीत, हेही लिहा की.

नीलमोहर

घाटावरचा, थोडं खरं आहे. पण टॉवेलची घडी चुकली तर पाहुणे कोणाकडे बघून नाक मुरडतात? घर अस्ताव्यस्त दिसलं की "हिला वळण नाही" म्हणतात, "ह्याला वळण नाही" असं मी तरी आजवर ऐकलेलं नाही. ठपका जिच्यावर येणार ती लक्ष ठेवणारच.

आमच्याकडे तोडगा निघाला तो खातेवाटपाचा. खातं द्यायचं तर पूर्ण द्यायचं, राज्यमंत्री नेमायचे नाहीत. नवऱ्याकडे दूध आहे. म्हणजे पिशवी आणणं नव्हे. किती लिटर घ्यायचं, उद्या पाहुणे आहेत तर वाढवायचं, तापवणं, साय काढून साठवणं, विरजण लावणं, आठवड्याने लोणी काढणं, तूप कढवणं, बेरी काढून डबा भरणं, आणि तूप संपत आलंय हे बघणं. पहिल्यांदा कढवताना करपवलं. मी काही बोलले नाही (फार कष्टाने). पुढे त्याचं तूप माझ्यापेक्षा रवाळ व्हायला लागलं. आता सासूबाई आल्या की तुपाबद्दल त्यालाच विचारतात. मी दुधाचा विचार करणं सोडून दिलंय, आणि ते सुख काय असतं हे ज्याच्या डोक्यात सदैव दूध उतू जात असतं त्यालाच कळेल.

खटपट्या

आमच्याकडे एक्सेल आहे. हसू नका.

लग्नानंतर दोघांनी एकमेकांना न दाखवता लिहिलं, आपण घरातलं किती टक्के काम करतो. बेरीज शंभरच्या बरीच वर गेली. नंतर वाचनात आलं की मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हेच ३७ जोडप्यांवर करून पाहिलं होतं आणि तिथेही बेरजा शंभराच्या पुढे गेल्या. खोटं कोणी बोलत नाही, पण आपण केलेलं आपल्याला आठवतं. तिने किराण्याची यादी करताना खर्चलेली वीस मिनिटं मला दिसलेलीच नसतात आणि मी पावसात गच्चीवरचं पाण्याच्या टाकीचं झाकण लावून आलो हे तिला.

म्हणून एक्सेल. एकेका ओळीत एक काम, पुढे नाव. सगळ्यात मजा आली ती नुसती यादी करताना. "नातेवाइकांचे वाढदिवस लक्षात ठेवणं", "शाळेच्या ग्रुपवरचे मेसेज वाचणं", "बाळाचे कपडे लहान झालेत हे ओळखणं" अशा ओळी ती घालत गेली. ही कामं आहेत असं मला तोवर वाटलंच नव्हतं.

पक्का_पुणेकर

एवढी चर्चा कशाला? धुण्याभांड्याला बाई, स्वयंपाकाला बाई, केरफरशीला बाई. विषय संपला. २०१७ मध्ये अमेरिका, कॅनडा, डेन्मार्क आणि नेदरलँड्समधल्या सहा हजारांहून जास्त लोकांवरचा अभ्यास आलाय: पैसे टाकून वेळ विकत घेणारे लोक आयुष्यात जास्त समाधानी. वस्तू घेण्यापेक्षा बाई ठेवा.

सांजवात

पक्का_पुणेकर, एक साधी परीक्षा. "आज येणार नाही" हा बाईंचा फोन कोणाच्या मोबाईलवर येतो? पगार कोण देतं, दिवाळीला बोनस किती आणि साडी कोणती हे कोण ठरवतं, त्यांच्या मुलीच्या फीसाठी उचल मागितली तर कोणाकडे मागतात? बाई ठेवली की काम जातं, कामावर नजर ठेवण्याचं काम येतं, आणि ते कोणाकडे येतं ते तुम्हाला माहीत आहे.

दुसरं, त्या बाई चार घरं करून स्वतःच्या घरी जातात तेव्हा तिथली भांडी कोण घासतं? महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. आमच्या बाईंना त्या नोंदणीचं विचारलं तर म्हणाल्या, "ताई, त्यासाठी एक दिवस खाडा होतो, तो कोण भरून देणार?" आपलं नवरा-बायकोचं भांडण आपण त्यांच्या पाठीवर टाकून मिटवतो, एवढं तरी मान्य करू या.

पक्का_पुणेकर

मान्य. फोन बायकोलाच येतो. आमच्याकडे तर बाईंना माझं नावही माहीत नाही, मी "साहेब".

अंबाजोगाईकर

बराच वेळ नुसतं वाचत होतो. इथल्या बऱ्याच जणांना ऊसतोडीचा हिशेब माहीत नसेल म्हणून लिहितो.

आमच्याकडं बीड जिल्ह्यातनं दिवाळीच्या सुमाराला टोळ्या कारखान्यांकडं जातात. तिथं मजूर मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल मिळते ती जोडीवर, आणि पैसे बहुतेक नवऱ्याच्या हातात. फेडायचे दोघांनी, टनावर. नवरा ऊस तोडतो, बायको साळते म्हणजे पाला काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत भरायला नेते. म्हणजे बाहेरच्या कामात पन्नास-पन्नास म्हणा, साठ-चाळीस म्हणा, भेदभाव नाही. पण पहाटे कोपीपुढं, म्हणजे झोपडीपुढं, चूल पेटवून दिवसभराच्या भाकरी थापते ती बाई. पाणी आणते ती. संध्याकाळी फडातनं आल्यावर बाप्ये टेकतात आणि बाई परत चुलीपुढं. पाळीत, गरोदरपणात हेच. खाडा झाला तर पैसे कापतात.

माझे आईवडील दोघंही गेलेत तोडीला. एक गोष्ट मी लहानपणी बघितलेली. फडावर आई पाण्याला गेली की वडील चूल पेटवायचे, पीठसुद्धा मळून ठेवायचे. तिथं कोणाला काही वाटत नव्हतं. गुढीपाडव्याच्या सुमाराला गावाकडं आलो की तेच वडील स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत यायचे नाहीत. का, तर भावकी बघते. आईला मी मोठेपणी विचारलं, तुला कुठं बरं वाटायचं? ती म्हणाली, कष्ट फडावर लई, पण चुलीपाशी तिथं दोघं असायचो.

तुमच्या पाहण्यांत हे कुठं बसतं मला माहीत नाही.

तुरटी

अंबाजोगाईकर, कुठे बसतं ते सोडा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. भावकीचा मुद्दा मला शहरातही दिसतो. एकटे असताना ओटा पुसणारे नवरे आई आली की अचानक पेपर वाचायला लागतात.

वावरवाली

आमच्या घरची गंमत ऐका. माझे वडील शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत होते. लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली, शेतकऱ्यांनी बायकोच्या नावानं जमीन करावी म्हणून. वडिलांनी केली. यवतमाळकडच्या लहानशा गावात तेव्हा ही साधी गोष्ट नव्हती, काका लोकांनी बोलणं सोडलं होतं. पण याच माणसाने जेवल्यावर स्वतःचं ताट कधी उचललं नाही. हात धुवायचे तेही ताटातच.

मी कॉलेजात गेल्यावर यावरून वाद घालायची. आई म्हणे, "वावर देल्लं त्यानं माह्या नावानं, तू ताटाचं काय घेऊन बसली?" ती मनापासून म्हणायची. माझ्या नवऱ्याच्या नावावर फ्लॅट आहे आणि तो ताट उचलतो, वाटी विसळतोसुद्धा. दोघींत जास्त सुखी कोण, हे मला आजही नीट सांगता येत नाही. सातबारा हातात असलेल्या बाईला ताट उचलणं जड जात नसावं. मला जातं.

म्हापशेकर

वावरवाली यांचं वाचून हसू आलं, कारण आमच्या गोव्यात ते कायद्यानेच आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामायिक, अर्धी-अर्धी. पोर्तुगीज काळापासून चालत आलंय. कागदावर बरोबरी आधीच झालेली!

पण सकाळी बाजारात जाऊन नुस्तें म्हणजे मासे आणायचं काम पुरुषाचं. विसवण ताजं कसं ओळखायचं यावर आमचे बाबा तासभर बोलायचे. पिशवी घरी आली की संपलं. खवलं काढणं, पोट साफ करणं, वाटण, आमटी, आणि वासाची भांडी हे सगळं आईचं. काम बाबांनी केलं नाही असं म्हणता येत नाही, फक्त मिरवण्यासारखं होतं तेवढं केलं. आता बाजारातच पैसे देऊन साफ करून मिळतं, त्यामुळे आमच्या पिढीत शांतता आहे.

रच्याकने, मी बांगडे स्वतः साफ करतो. बायको शाकाहारी आहे, दुसरा इलाज नाही.

काळा_कोट

कायदा निघालाच आहे तर थोडक्यात. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका प्रकरणात गृहिणीच्या कामाचं उत्पन्न धरायलाच हवं असं पुन्हा ठासून सांगितलं. तुरटी यांनी दिलेली २०१९ ची पाहणी त्या निकालात आहे. शिवाय २०११ च्या जनगणनेचा आकडाही: घरकाम हाच मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या बायका जवळपास १६ कोटी, पुरुष सुमारे ५८ लाख.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका नवऱ्याचा घटस्फोटाचा अर्ज नाकारताना म्हटलं की आजच्या काळात घरच्या जबाबदाऱ्यांचं ओझं दोघांनी सारखंच पेलायला हवं. त्याच उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये एका वेगळ्या प्रकरणात म्हटलं होतं की विवाहितेला घरकाम सांगणं म्हणजे मोलकरणीसारखं वागवणं नव्हे, आणि करायची इच्छा नसेल तर तिने ते लग्नाआधीच सांगायला हवं होतं. दोन्ही निकाल मी पक्षकारांना दाखवते, कोण आलंय त्यावर अवलंबून. :)

उत्तरेची_थंडी

गोथेनबर्गहून लिहितेय. इथे बाळ झालं की आईबाबांना मिळून ४८० दिवसांची पालकत्व रजा असते आणि त्यातले ९० दिवस प्रत्येकाचे राखीव, एकमेकांना देता येत नाहीत. म्हणजे बापाने घेतले नाहीत तर बुडाले. आपल्या मराठी बापांनासुद्धा दिवस बुडवणं जिवावर येतं, त्यामुळे घेतात!

फरक पडतो तो इथे. बाप नुसती मदत करत नाही, काही महिने दिवसभर एकटा घरी असतो. आई ऑफिसात. फोन करून "त्याचा मोजा कुठंय" विचारायला लाज वाटते, मग तो शोधतो. मुलगी आजारी पडली की घरी थांबायचीही वेगळी रजा आहे, आमच्यात ती आळीपाळीने. साफसफाईला माणूस लावला तर मजुरीचा अर्धा भाग करातून वजा होतो, तोही घेतो. थोडक्यात, पुस्तकात लिहावं तसं सगळं.

आणि तरी. गणपतीला मोदकाचं सारण कोण करणार, मराठी शाळेचा गृहपाठ कोण घेणार, रविवारी सासरी व्हिडिओ कॉल लावून मुलीला "आजीला गाणं म्हणून दाखव" कोण म्हणणार? स्वीडनचं घर आम्ही दोघं मिळून चालवतो, त्या घरातला महाराष्ट्र मी एकटी चालवते. नवरा म्हणतो, नाही केलं तरी चालेल. मला नाही चालत. आता हे काम माझं, का माझी हौस? यावर आमचं अजून भांडण सुरू आहे, निवांत हिवाळी भांडण.

घाटावरचा

उत्तरेची_थंडी, हाच माझा मूळ प्रश्न होता! "नाही केलं तरी चालेल" म्हणणाऱ्याला कामचुकार म्हणायचं की त्याची पट्टी वेगळी आहे म्हणायचं? मला खरोखर चकली विकतची चालते.

नीलमोहर

चकली विकतची चालू दे. पण विकतची कोण आणणार, कधी, किती, आणि आत्याकडे डबा पाठवायचाय हे कोणाच्या लक्षात राहणार? तुम्ही "चालेल" म्हणून मोकळे होता, आणि आत्या फोन करते बायकोला.

तुरटी

दोघांनाही थोडं थोडं. काही पट्ट्या खरंच अकारण उंच असतात. रोज गादीवरची चादर ताठ नसली तर आकाश कोसळत नाही. पण मी माझ्या ओळखीतल्या घरांत एक बघितलंय. जिथे खातं पूर्ण सोपवलं, तिथे ज्याचं खातं त्याची पट्टी चालते, आणि सहा महिन्यांत दुसऱ्याला तिची सवय होते. जिथे "मी मदत करतो" चालू राहतं तिथे पट्टी कायम मदत घेणारीची आणि मदत करणारा कायम उमेदवार. सुखाचं म्हणाल तर पन्नास-पन्नास कोणाच्याच घरी नाहीये, खटपट्यांच्या एक्सेलमध्येही नसणार.

खटपट्या

५४-४६. ती ५४. तिच्या मते ६०.

बोहल्यावर_डिसेंबरात

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. डिसेंबरमध्ये लग्न आहे. दोघंही ठाण्यात नोकरीला, सासूबाई आमच्याबरोबर असतील. काळा_कोट ताईंनी लग्नाआधी सांगावं असं लिहिलंय ते वाचून घाबरले. आधी काय बोलून घ्यावं? यादी घेऊन बसले तर हिशेबी वाटेन.

वावरवाली

हिशेबी वाटलीस तर वाटू दे. हॉल, केटरिंग, मानपान सगळं हिशेबानेच चाललंय ना?

सांजवात

सासूबाईंशी पहिल्या आठवड्यात स्पर्धा करू नकोस आणि सकाळचा सगळ्यांचा चहा हौसेने स्वतःकडे घेऊ नकोस. एकदा घेतला की तो तुझाच. नवऱ्याला त्याच्या आईसमोर काम करायची सवय पहिल्यापासून हवी, ती नंतर लागत नाही. वर अंबाजोगाईकरांनी भावकीचं लिहिलंय ते नीट वाच.

घाटावरचा

एकच प्रश्न विचार त्याला: आत्ता तुझे शर्ट कोण धुतं? उत्तरावरून बरंच कळेल. पुरुष म्हणून सांगतोय.

बोहल्यावर_डिसेंबरात

विचारलं. "मशीन" म्हणाला.

नीलमोहर

आणि मशीनमधून काढून वाळत कोण घालतं? इस्त्रीवाल्याकडचे कोण मोजून घेतं?

बोहल्यावर_डिसेंबरात

ते उद्या विचारते. आत्ता हळदीच्या हॉलवाल्याचा फोन यायचाय, केळवणांच्या तारखा लावायच्यात आणि त्याच्या मावशीला शाकाहारी कुठे मिळेल ते बघायचंय. तो म्हणालाय, काही मदत लागली तर सांग.